कपाटातला सरस

आत्या राहायला आली तेव्हा तिच्याबरोबर तिचं जुनं कपाटही आमच्या माधव नगरच्या घरी आलं; दाराचं खालचं टोक फुगलेलं होतं. वर्षानुवर्षं फरशी पुसताना पाणी लागून विनिअर, म्हणजे वर चिकटवलेला सागाचा पातळ थर, पापडासारखा उठला होता. देवास गेटचा सुतार मिस्त्री म्हणाला, "साब, सनमाइका ठोक दो, झंझट खतम." मला ते पटेना. रिटायर झालेलोच होतो, म्हटलं आपणच करू.

दार काढून गच्चीवर आडवं ठेवलं, ओलं फडकं टाकून वरून गरम इस्त्री फिरवली. जुना गोंद सुटू लागला आणि असा भपकारा आला की मी इस्त्री टाकून बाजूला पळालो. सडकं कातडं कुणी उकळत ठेवावं तसा. खालून पातळ लोखंडी पत्ती सरकवून थर उचलला, तर खाली पिवळा चिकट लगदा, त्यात झुरळांची अंडी नि तुटके पाय. ते सगळं नखांत गेलं. साबण झाला, लिंबू झालं, बोटं घाणच.

"कसली रे ही बदबू?" आत्यानं जिन्यातून विचारलं. नव्वदीला टेकलेली आत्या कांदासुद्धा खात नाही.

"जुना गोंद आहे."

"गोंदाला असला वास? कशाचा करतात?"

मिस्त्रीला फोन करून मी विचारलंच होतं. "सरस आहे तो. जनावरांची कातडी, हाडं उकळून करतात."

आत्या दोन पायऱ्या मागे सरकली. त्या कपाटात तिनं जन्मभर सोवळ्याचं लुगडं आणि देवाची वस्त्रं ठेवली होती. "आत्ताच्या आत्ता खरवडून टाक ते सगळं," ती म्हणाली, "आणि आंघोळ केल्याशिवाय मला शिवू नकोस."

लगदा खरवडताना मला दोनदा ओकारी आली. विनिअरचा नवा तुकडा कापून पांढऱ्या गोंदानं चिकटवला, वर पाट आणि गव्हाचे डबे ठेवले. रंग काही जुळला नाही, पण बोट फिरवलं तर सांधा लागत नव्हता. मी खूश होतो. संध्याकाळी पाहतो तर आत्या रामघाटावरून मागवलेल्या नदीच्या पवित्र पाण्यात फडकं पिळून दार पुसतेय. पाणी हिरवट, शेवाळाचा वास मारणारं. तुकड्याचा कोपरा उचललेला!

"अगं, काय केलंस!"

"शुद्ध केलं. तुझ्या त्या कातड्याच्या काढ्यापेक्षा बरं."

नाकाला रुमाल बांधून मी कोपरा पुन्हा तापवून बसवला. तरी आत्यानं ते परत वापरायला घेतलं नाही; आता कपाट माझ्या खोलीत आहे. बायको त्यात पायपुसणंसुद्धा ठेवत नाही. आणि मला जेवायला बसण्याआधी बोटं हुंगायची घाणेरडी सवय लागली आहे.