नजर वर म्हणजे हो

घोलवडच्या चिकूवाडीत फळं निवडायला बसणाऱ्या बायकांमध्ये कमळीचं नाव पहिलं घेतलं जायचं. फळ हातात घ्यायचं, अंगठ्यानं जरासं दाबायचं, आणि ते उद्या पिकणार की परवा हे शेजारणीशी बोलता बोलता सांगून टाकायचं. लांबच्या गाडीचा माल एका बाजूला, मुंबईचा दुसऱ्या बाजूला. वाडीचे शेठ आल्यागेल्याला सांगत, "कमळीनं भरलेल्या पेटीची तक्रार येत नाही." हे ऐकायला तिला आवडायचं, आणि आवडतं हे ती लपवायचीही नाही.

तिचं घर मात्र तलासरीच्या पूर्वेला, डोंगरातल्या पाड्यावर. नवरा काकड्या भात-नागली करायचा. सासू सोमी आणि शाळेत जाणारी मुलगी निलम, एवढं घर. बायकांना न्यायला वाडीचा टेम्पो सकाळी खालच्या रस्त्यावर यायचा आणि पाड्यावरून रस्त्यापर्यंतचा उतार कमळी सगळ्यांच्या आधी उतरलेली असायची.

दोन हजार पंधरा सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. कमळीचं पोट बिघडलं आणि चार दिवसांत बरंही झालं. ती कामावर गेली. मग एका सकाळी तळपायांना मुंग्या आल्या, त्या जाईनात. दुसऱ्या दिवशी उतारावर गुडघा मुडपला आणि ती बसली ती दोघींनी धरून उठवल्यावरच उठली. वाडीत चिकू हातातून सुटायला लागले. साल बोटांना लागत होती, पण बोटं मिटत नव्हती.

घरी सोमीनं तेल लावून पाय चोळले. संध्याकाळपर्यंत कमळीला खाटेवरून उठता येईना. सोमीनं भगताला बोलावलं. म्हातारा आला, बराच वेळ तिच्याजवळ बसला, तिचा हात उचलून सोडून बघितला. हात ओल्या कापडासारखा खाली पडला.

"हे माझ्याकडचं नाही," तो काकड्याला म्हणाला. "पहिली गाडी बघ."

तलासरीच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरबाईंनी छोट्या हातोडीनं कमळीच्या गुडघ्याखाली टिचकी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या पायाचंही तेच. त्यांनी लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली आणि काकड्याला बाजूला घेऊन सांगितलं, "पायापासून वर चढतोय हा आजार. छातीपर्यंत पोचला तर श्वास घेता येणार नाही. हद्दीपलीकडं, गुजरातेतल्या मोठ्या दवाखान्यात न्या, तिथे श्वासाचं मशीन आहे."

अच्छाडचा नाका ओलांडताना कमळी अजून बोलत होती. दवाखान्याच्या दारात तिला वाक्य पुरं करता येईना. त्याच दिवशी घशात नळी गेली, पुढे ती गळ्याला छेद देऊन बसवली, आणि तिच्यासाठी मशीन श्वास घेऊ लागलं.

पुढचे दिवस कमळीनं कसे काढले हे तिचं तिलाच ठाऊक. तिला सगळं कळत होतं, सगळं ऐकू येत होतं. गालावर माशी बसली की तिचे पाय मोजता यावेत इतकी ती जाणवायची, आणि हाकलायला एक बोट हलायचं नाही. टाच गादीवर एकाच जागी टेकून ठणकायची. बघायला आलेला एक नातेवाईक खाटेशी उभा राहून म्हणाला, "हिला आता काही समजत नाही. निलमचं बघायला पाहिजे पुढं." कमळीला ओरडायचं होतं. छाती मशीनच्या तालावर वरखाली होत राहिली.

काकड्या मुळात अबोल माणूस. पण नातेवाईक गेल्यावर तो खाटेजवळ बसला आणि बोलायला लागला. भात झोडून झालं, कोंबडीनं माळ्यावर अंडी घातली, निलमनं शाळेत धावण्यात सगळ्यांना मागं टाकलं. निलमचं नाव आलं तसं कमळीच्या डोळ्यातून पाणी घरंगळलं. काकड्या थांबला.

"ऐकतेस तू," तो म्हणाला. "ऐकत असशील तर वर बघ."

कमळीनं वर बघितलं.

तो धावत जाऊन फिजिओथेरपीवाल्या मनिषभाईंना घेऊन आला. मनिषभाई वलसाडकडचे, गुजराती वळणाचं मराठी बोलायचे. त्यांनी खुर्ची ओढली आणि कमळीच्या अगदी समोर तोंड आणलं. "कमळीबेन, नजर वर म्हणजे हो. खाली म्हणजे नाही. समजलं?"

नजर वर गेली.

"काही दुखते?"

वर.

मग काकड्यानं डोक्यापासून सुरुवात केली. डोकं? खाली. मान? खाली. पाठ? खाली. एकेक अवयव घेत तो टाचेपर्यंत आला तेव्हा डोळे वर गेले. मनिषभाईंनी टाचेखाली चादरीची घडी सरकवली. कितीतरी दिवसांनी कमळीनं एक गोष्ट मागितली होती आणि ती मिळाली होती. त्या दिवसापासून त्या वॉर्डात कमळीच्या डोक्यावरून कुणी बोललं नाही. जे बोलायचं ते कमळीशी बोलत. संगिता सिस्टर तर सुई टोचायच्या आधी तिची परवानगी विचारायच्या.

तिला काय झालंय हेही मनिषभाईंनी तिलाच सांगितलं, काकड्याला नव्हे. आपला मेंदू, त्यातून खाली पाठीच्या कण्यातून उतरलेला जाड दोर, आणि त्या दोरातून हातापायांच्या टोकापर्यंत गेलेले बारीक धागे, म्हणजे नसा. काही नसा कातडीकडची खबर वर नेतात, काही मेंदूचा हुकूम खाली आणतात. नसेवर जागोजाग चरबीचं वेष्टण असतं, मध्ये मध्ये बारीकशी उघडी जागा. खबर वेष्टणावरून उडी मारत एका उघड्या जागेवरून दुसऱ्या उघड्या जागी जाते, म्हणून पापणी लवायच्या आत पोचते.

"तुमचं पोट बिघडलं होतं ना, तेव्हा अंगातलं सैन्य जंतूंशी लढायला उठलं. ते चुकून तुमच्याच वेष्टणावर तुटून पडलं. वेष्टण गेलं की खबर वाटेतच विझते. पायाची नस सगळ्यात लांब, म्हणून पाय आधी गेले. तुम्ही हुकूम सोडता, तो पोचत नाही. मेंदू तुमचा एकदम साबूत आहे."

"आणि तो हातोडीचा पाय?" काकड्यानं विचारलं.

"ती खबर मेंदूपर्यंत जातच नाही. गुडघ्यातून कण्यापर्यंत, आणि तिथूनच परत. कणा स्वतः जबाब देतो. आता तीही वाट बंद आहे. पण वेष्टण परत चढते, कमळीबेन. सावकाश चढते, पण चढते. जवळचं आधी, लांबचं शेवटी."

हे मात्र कमळीनं धरून ठेवलं. रक्तातलं पाणी बदलायचे उपचार झाले, आणि रोज सकाळी ती डाव्या खांद्याला हुकूम सोडायची. ऊठ. खांदा उठायचा नाही. ती पुन्हा सोडायची. एका दुपारी खांद्याखालची चादर सुरकुतली. संगिता सिस्टरनी पाहिलं आणि साऱ्या वॉर्डाला सांगत सुटल्या. त्यानंतर मशीन सुटलं, नळी निघाली. फाटक्या आवाजात कमळी पहिल्यांदा बोलली ती काकड्याला, "भात झोडलं, पण पेंढा झाकलास का?"

उन्हाळ्यात ती वॉकर धरून पाड्यावर परतली. मांड्यांत बळ आलं, पावलं मात्र लोंबायची. निलम अंगणात पुढं चालायची आणि आई तिच्या पावलावर पाऊल टाकायची. पाऊस सरता सरता तपासणीला गेली तेव्हा हातोडी लागताच तिचा पाय टुणकन उडाला. मनिषभाईंनी पुन्हा मारली, पुन्हा उडाला. "कण्यानं जबाब दिला," कमळी म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली.

अंगठ्याची पारख सगळ्यात शेवटी आली. हंगाम सुरू झाला तरी चिकू दाबल्यावर काही समजेना. शेजारणी टेम्पोतून फळं आणायच्या आणि कमळी डोळे मिटून ती चाचपायची. चुकायची, मनाशी चिडायची, पुन्हा चाचपायची. दोन हजार सतराच्या सुरुवातीला ती वाडीत परत जाऊन बसली. शेठनी तिची जुनी जागा कुणाला दिली नव्हती.

गोष्ट इथे संपली असती तरी पाड्याला कमळीचा अभिमान वाटलाच असता. पण पुढच्या साली मनिषभाईंचा फोन आला.

अच्छाडच्या एका ढाब्यावर राजस्थानचा ट्रक ड्रायव्हर कोसळला होता. भंवरलाल नाव. तोच आजार, तेच मशीन. त्याची माणसं लांबून यायची होती. "त्याचे डोळे नुसते भिरभिरतात," मनिषभाई म्हणाले. "तू बरा होशील असं मी सांगतो, पण मी माझ्या पायांवर उभा राहून सांगतो. तुम्ही याल काय?"

सोमी कुरकुरली. "कोण कुठला बाप्या. तुझं तुला अजून पेलत नाही." कमळी सकाळी लुगडं बदलून काकड्याबरोबर निघाली.

खाटेवरचा माणूस धिप्पाड होता आणि डोळ्यांत उघडी भीती होती. कमळीनं खुर्ची ओढली आणि चेहरा त्याच्या समोर आणला. तिचं हिंदी बाजारापुरतं.

"भाई, मैं भी ऐसेच पडी थी. इसी मशीन पे. देखो." तिनं गळ्यावरचा नळीचा वण दाखवला. मग उभी राहिली, त्याच्या खाटेभोवती एक चक्कर चालून आली आणि परत बसली. "ऊपर देखा तो हां. नीचे, तो नहीं."

तो वर बघत राहिला. मग तिनं डोक्यापासून सुरुवात केली. दुखणं खांद्यात निघालं, हात उशीवर ठेवल्यावर थांबलं. तरी डोळे शांत होईनात. कमळीनं विचारलं, "घर?" खाली. "पानी?" खाली. ती थांबली. ट्रक ड्रायव्हर माणूस, रस्त्यात पडलेला. "गाडी?"

डोळे वर गेले आणि तिथेच राहिले.

काकड्या त्याच दुपारी अच्छाडला गेला. ट्रक ढाब्यामागे नीट उभा होता, चावी ढाबेवाल्यानं गल्ल्यात ठेवली होती, माल कंपनीनं दुसऱ्या गाडीनं पुढं नेला होता. हे सगळं त्यानं बघून येऊन सांगितलं. भंवरलालनं डोळे मिटले. संगिता सिस्टर म्हणाल्या, आल्यापासून पहिल्यांदा झोपला.

त्यानंतर त्याचा म्हातारा बाप येऊन राहिला, तरी कमळी दर सुट्टीला जायची. खांदा उठेना म्हणून भंवरलाल खचला की ती म्हणायची, "हुकूम छोडते रहो. रस्ता बन रहा है." त्या वॉर्डात पुन्हा असा कुणी आला की मनिषभाई तिलाच फोन लावत. निलम एकदा आईबरोबर गेली आणि तिथून आल्यावर तिनं वर्गात उभी राहून नसांचा अख्खा धडा पुस्तक न उघडता सांगितला.

दोन हजार एकोणीसच्या हिवाळ्यात खालच्या रस्त्यावर एक ट्रक थांबला. भंवरलाल काठी टेकत पाड्याचा चढ चढला, मध्ये दोनदा दगडावर बसला, पण कुणाचा हात धरला नाही. गाडी त्याचा भाऊ चालवत होता. पुढच्या साली स्वतः चालवीन असं तो म्हणाला. सोमीनं नागलीची भाकर आणि कोंबडीचा रस्सा केला. तो जेवत असताना शेजारची बुधीबाई दारात येऊन उभी राहिली आणि हा पाहुणा कुठला म्हणून विचारू लागली.

"राजस्थानचा," सोमी म्हणाली. "आमच्या कमळीनं उठवला त्याला."

"मी नाही," कमळी चुलीजवळून म्हणाली. "त्याचा तो उठला. मी नुसती शेजारी बसले होते."

"ते बसणंच कुणाला जमत नव्हतं," सोमी म्हणाली, आणि तिनं पाहुण्याच्या ताटात आणखी एक भाकर वाढली.