क्रेनकाकांची मान

क्रेनकाकांची मान पुढे वाकलेली होती, आणि ती का वाकली याबद्दल अख्ख्या गल्लीने आपापलं ठरवून टाकलं होतं.

खरं कारण साधं. काका गोदीत उंच क्रेन चालवायचे. केबिनची जमीन काचेची. खुर्चीत ओणवं बसून दोन पायांमधून खाली बघायचं, कंटेनर उचलायचा, अलगद जहाजात ठेवायचा. सगळी उमेदीची वर्षं त्यात गेली. मान पुढे गेली ती मागे आलीच नाही. तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही. मग क्रेन आपली आपण चालायला लागली, काका घरी बसले, आणि त्याच मानेचा सगळ्यांना कळवळा आला. "बिचारे, काम गेल्यापासून मान वर करून बघतसुद्धा नाहीत हो," म्हणे. भाजीवाला न मागता दोन टोमॅटो जास्त टाकायचा. मेव्हणा म्हणाला, "दाजी, आता मस्त आराम करा." आराम म्हणे! ह्याच्या बापाने मागितला होता आराम?

काका रोज गच्चीवर खुर्ची टाकून लांबून ती क्रेन बघत बसत. एखादा तरी कंटेनर धाडकन आपटावा, एवढीच इच्छा. मेली आपटायची नाही. खुर्चीच्या हातांवर त्यांचे पंजे आपोआप पुढे-मागे व्हायचे. काकू आल्या की ते मांडीखाली दडपायचे. झोप उडाली, बोलणं आटलं. सगळ्यात वाईट म्हणजे हळूहळू त्यांना स्वतःलाच वाटायला लागलं, की आपली मान शरमेनेच वाकली असणार.

कंपनीने जुन्या ऑपरेटरांचा निरोप समारंभ ठेवला. "मी नाही जाणार," काका म्हणाले. "कुठल्या तोंडाने जाऊ?"

काकूंचं डोकंच फिरलं. "चोरी केलीत का कुणाची? मशीन चांगलं चालतंय ना, चालू दे. तुम्ही वाईट चालवत होतात, असं कुणी म्हटलंय? इतकी वर्षं त्या मानेला तेल मी चोळलंय. ती कशाने वाकली ते मला विचारा. शर्ट इस्त्री करून ठेवलाय, घाला."

काकांनी शर्ट घातला.

हार झाले, भाषणं झाली, मग फोटो. सगळे ऑपरेटर एका रांगेत उभे. फोटोग्राफर म्हणाला, "माना जरा वर. अजून थोड्या." एकाचीही वर जाईना. काकांनी कडेला बघितलं. सगळ्यांच्या माना तशाच, तेवढ्याच वाकलेल्या. केबिनमध्ये जो तो एकटा. असे ओळीने ते कधी उभेच राहिले नव्हते. काकांना एकदम मोकळं वाटलं.

साहेब मायेने म्हणाले, "लाजण्यासारखं काही नाही हो. वर बघा."

"लाजतंय कोण?" काका म्हणाले. "खाली तुमचे कामगार असायचे, साहेब. आम्ही वर बघत बसलो असतो तर ते घरी गेले नसते." मग फोटोग्राफरकडे वळून म्हणाले, "तू खाली बस रे. अजून खाली. पार जमिनीला टेक. हां, आता काढ. साहेब, तुम्ही जरा बाजूला, मध्ये येताय."

फोटोत सगळेच्या सगळे बघणाऱ्याकडे वरून, रोखून बघताहेत. काका तो दारावर लावायला स्टुलावर चढले.

"फार वर होतोय," काकू म्हणाल्या.

"तिथंच असायचो," म्हणत काकांनी खिळा ठोकला.