माळावर कोण घुमतंय

ती घटना आजही आठवते, अशी सुरुवात करायची आमच्या खात्यातल्या लोकांना सवय असते. मला मात्र घटनेआधी आवाज आठवतो. हे लिहितानाही तो कानामागं घुमतोय. नावं कुणाचीच देणार नाही. काही जण अजून नोकरीत आहेत.

आधी माझी एक खोड सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मी नकलाकार. टेंभुर्णीच्या शाळेत असताना खिडकीबाहेर उभं राहून हेडमास्तरांच्या आवाजात "सातवी ब, सुट्टी!" असं ओरडलो होतो. वर्ग घरी गेला, छड्या मला एकट्याला. पोलिसात आल्यावरही खोड गेली नाही. चहा आला की ठाण्यात कुणीतरी म्हणायचंच, "साहेब, डीवायएसपी साहेब करा की." मी करायचो. एकदा मी करत असताना ते स्वतः दारात उभे होते. असो.

त्या वर्षी मी सोलापूरजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पावसानं आठवडाभर ओढ दिली होती. सकाळची हजेरी संपली आणि वनपरिक्षेत्र अधिकारी आले. तरुण, इस्त्रीचे कपडे, डोळे मात्र तारवटलेले. त्यांना इथं वनसाहेब म्हणू.

"सर, रोपं गायब होतायत. माळावरच्या लागवडीतली. रोज एक ओळ."

"शेळ्या," मी म्हणालो.

"शेळीनं खाल्लं तर खोड तरी राहतं, सर. इथं खड्डासुद्धा राहत नाही."

त्यांनी मोबाइलवर दोन फोटो दाखवले. पहिल्यात एका पांढऱ्या दगडापासून गिरिपुष्पाची ओळ निघालेली, हातभर उंचीची रोपं. दुसरा फोटो दुसऱ्या दिवशीचा. तोच दगड, आणि पुढं नुसतं गवत. खड्डे बुजवलेले, वर गवताचा थर परत बसवलेला. तिथं कधी कुणी काही लावलंच नव्हतं, असं.

चोर माल नेतो, खड्डा बुजवत बसत नाही.

"आणि बायका कामावर यायला तयार नाहीत," वनसाहेब खाली बघत म्हणाले. "आवाज येतो म्हणतात."

अज्ञात इसमाविरुद्ध तक्रार घेतली, स्टेशन डायरीला नोंद केली आणि संध्याकाळी माळावर गेलो. बरोबर आमचे हवालदार अण्णा. अक्कलकोटकडचे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि बाहीवर हवालदाराचे तीन. दरोडेखोराच्या अंगावर एकटे जातील, पण स्मशानाच्या बाजूनं जीप न्यायची म्हटली की हॉर्न वाजवत जायचे.

रस्त्याकडेला लागवडीवरच्या बायका बसल्या होत्या. त्यातली थोरली म्हणाली, "साहेब, दिस उगवाय आन मावळाय येतोय बगा आवाज. मानसाचा न्हाय, जनावराचाबी न्हाय. भुईतनं येतोय. आमी पाय ठिवतो ना, त्याच्या खालनं."

"मावशी, मोबाइल वाजत असंल कुणाचा तरी."

"मग उचला की तुमीच," ती म्हणाली. कुणी हसलं नाही.

माळ म्हणजे नुसता उघडा माळ. गुडघ्याएवढं गवत, वर आभाळ, लपायला एक झुडूप नाही. लागवडीच्या ओळी लांबून दिसत होत्या आणि त्यांच्या मधोमध एक मोकळा पट्टा. तिथली रोपं गेलेली. वारा पडला होता. सूर्य टेकला, आणि आला.

हूऽऽम.

कानाला कमी, छातीला जास्त. कुठल्या बाजूनं आला ते कळेना. थोड्या वेळानं परत. हूऽऽम.

अण्णांनी माझी बाही धरली आणि घाबरून कानडीत शिरले. "ब्याडरी साहेब. नको. जाऊ या."

आणि मी काय केलं? खोड! तोंडाशी हाताचा पेला करून तसाच आवाज परत काढला. माळ गप्प झाला. नाकतोडेसुद्धा. मी अण्णांकडं बघून डोळा मारणार, तेवढ्यात उत्तर आलं. आधीपेक्षा जवळून. माझ्या तोंडावरचं हसू तिथंच वाळलं. बॅटरीनं चारी बाजू बघितल्या. कुणीही नव्हतं. परत येताना जीपमध्ये अण्णा मोठ्यानं शिवनाम घेत होते आणि मी त्यांना गप्प केलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका दूधवाल्याकडून खबर आली. माळाच्या पलीकडं ओढ्याकाठी मेंढपाळाचा तळ आहे, तिथं नवीन रोपं दिसतायत. मेंढपाळाला ठाण्यात आणलं. मेंढरं बायकोच्या भरवशावर सोडून आला होता बिचारा, दर दोन मिनिटांनी दाराकडं बघायचा.

"रोपं का उपटली?"

"आमी? साहेब, मेंढरं काय झाडावर चडत्यात व्हय? गवत गेलं तर आमीच मरतो, पर सरकारी रोपाला हात लावायची छाती न्हाय आपली."

"मग ओढ्याला आली कुठून?"

"रोज सकाळी एक वळ जास्त दिसती. पानी घातलेलं, काट्याचं कुंपन केलेलं, आमची मेंढरं शिरू नयेत म्हनून. मला वाटलं सरकारच करतंय. सरकार रातचं काम करतंय, हे जरा नवाल वाटलं, पर म्हनलं करत आसंल."

खोटं बोलणारा माणूस सरकारची थट्टा करत नाही, घाबरून हात जोडतो. तरी त्याला बाकड्यावर बसवून ठेवलं आणि ओढ्यावर जाऊन पंचनामा केला. रोपं खरंच होती, आणि सगळी जिवंत. मुळाभोवतीचा मातीचा गोळा कुठंच फुटलेला नव्हता. बुंध्याशी ओलं गवत पसरलेलं. ज्यानं उपटली त्यानं ती लेकरासारखी उचलून आणली होती. असं काम मेंढपाळाला येत नाही, चोराला तर नाहीच. रोपवाटिकेत वर्षानुवर्षं हात मळलेल्या माणसालाच येतं.

असा एकच माणूस त्या माळावर राहत होता. लागवडीची राखण करणारा वनमजूर. सगळे त्याला तात्या म्हणत. जवळपास सगळं आयुष्य रोजंदारीवर गेलेलं, आणि आता कुठं कायम करण्याची ऑर्डर निघायची होती. कागद वनसाहेबांच्या टेबलावर होता. गुन्हा दाखल झाला असता तर तो कागद तिथंच मेला असता. हे तात्याला ठाऊक होतं आणि मलाही.

दुपारपासून तात्याला समोर बसवलं. वाळकं शरीर, पांढरी दाढी, हात मात्र मोठे. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "मला काय ठावं, साहेब." दम देऊन बघितला, चहा देऊन बघितला. बाहेर बाकड्यावर मेंढपाळ उसासे टाकत होता. तासाभरानं माझे प्रश्न संपले.

कंटाळा आला की मी नक्कल करतो. खरं सांगतो, त्यात युक्ती वगैरे नव्हती. पेन खाली ठेवलं आणि माळावरचा आवाज काढला. थकलो होतो, वाईट निघाला. झोपेत कुत्रं विव्हळावं तसा.

तात्यानं डोळे मिटून घेतले.

ते बघितलं आणि परत काढला. आता मुद्दाम, आणखी वाईट. गुडघ्यावरची त्याची बोटं आवळली. तिसऱ्यांदा शेवटी जरा खोकलोसुद्धा.

"आसं न्हाय वो साहेब!" तात्या ओरडला. "घशातनं काडताय तुमी. छातीतनं याय पायजे. आन त्वांड मिटून. त्यो त्वांड उगडत न्हाय."

त्यानं दोन्ही हात पुढं धरले, मडकं धरल्यासारखे. मान आत घेतली, छाती फुगवली.

हूऽऽम.

टेबलावरची बशी थरथरली. बाहेर कुणाच्या तरी हातातलं रजिस्टर पडलं. मग तात्यानं स्वतःच्या हातांकडं बघितलं आणि त्याला कळलं, आपण काय करून बसलो. नक्कल करणारा सगळं सोसतो, वाईट नक्कल सोसत नाही. माझ्याही हातून हेच झालं असतं.

"'त्यो' म्हणजे कोण, तात्या?"

"हूम. आमची जुनी मानसं हूम म्हनायची. तुमी माळढोक म्हनता. त्यातला नर." तो हळू बोलायला लागला. "नर लई वर्सं झाली दिसला न्हाय. एक मादी येती. एकलीच. त्याच पट्ट्यात. झाडं आसली की येत न्हाय ती. तिला लांबवर दिसाय लागतं, न्हायतर भेती. तितंच खड्डे काडले ह्यांनी."

"मग साहेबांना सांगायचं."

"सांगितलं की. दोनदा. त्ये म्हनले, तात्या, कागदावर तितं जंगल हाय."

"रोपं ओढ्याला कशाला नेली?"

"मीच वाडवलेली रोपं. मारू कशी?"

"आणि आवाज? बायकांना घाबरवायला?"

तात्यानं मान हलवली. "साहेब, ती यिऊन हुबी ऱ्हाती. मान वर करून आयकती. काय आयकू आलं न्हाय की जाती. मी म्हनलं, तिला वाटू दे, कोन तरी हाय."

रिकामं मडकं तोंडाशी धरून तो घुमायचा. पहाटे आणि सूर्य मावळताना, नर घुमतो त्या वेळेला. मी माळावर नक्कल केली तेव्हा तो गवतात पालथा पडून होता, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. मला उत्तर त्यानंच दिलं होतं. "तुमचं कालबी वाईटच हुतं," असंही म्हणाला.

मेंढपाळाला सोडलं. मडकं मुद्देमाल म्हणून जप्त करायला अण्णांना माळावर पाठवलं. जागा तात्यानं सांगितली, पांढऱ्या दगडाच्या मागं. मी जबाब लिहून घेत होतो. बाहेर उजेड पिवळा व्हायला लागला होता. फोन वाजला.

"साहेब, तात्या तितंच हाय न्हवं?" अण्णांचा आवाज बारीक झाला होता.

"माझ्यासमोर बसलाय. चहा पितोय. मडकं मिळालं?"

"मडकं माझ्या काखेत हाय, साहेब. मग ह्यो कोन?"

मी फोन स्पीकरवर टाकला. आधी नुसता वारा. मग आला. हूऽऽम. थोडं थांबून परत.

तात्यानं कप खाली ठेवला. तो उठून उभा राहिला, फोनवर वाकला. मी नकलाकाराच्या कानानं ऐकत होतो. श्वास कुठं घेतोय, दम कुठं तुटतोय, ओठ कुठं वाजतोय. काहीच सापडेना.

"मादी असेल," मी म्हणालो.

"मादी आशी घुमत न्हाय." तात्यानं कान फोनपाशी नेला. "साहेब, माझ्यापरीस बरा काडतोय."

दुसऱ्या दिवशी वनखात्यानं माळ पिंजून काढला. नर नाही, पीस नाही, पायाचा ठसा नाही. वनसाहेबांनी कागदावर लिहिलं, 'आढळ नाही.' मी डायरीत काहीच लिहिलं नाही. माझ्या नोकरीतली न लिहिलेली नोंद ती एवढीच.

राहिली तक्रार. वनसाहेबांना ओढ्यावर नेलं. रोपं मोजली, सगळी जिवंत. मी म्हणालो, चोरी म्हणावी तर माल वनखात्याच्या हद्दीतून बाहेर गेलेला नाही, नुकसान म्हणावं तर एक रोप मेलेलं नाही. मी गुन्हा काय लिहू?

"पण सर, मला वर फोटो पाठवावे लागतात. त्याच जागेचे."

मी घसा साफ केला आणि त्यांच्याच वरिष्ठांच्या आवाजात म्हणालो, "लागवडीची जागा बदलल्याचा अहवाल पाठवून द्या." तो पोरगा आधी दचकला, मग पोट धरून हसला. हसता हसता माळावरच्या मोकळ्या पट्ट्याकडं बघत राहिला. आठवड्यानं त्यानं अहवाल खरंच पाठवला. तक्रार मागं घेतली. पट्टा मोकळा राहिला.

तात्याची ऑर्डर निघाली, पण बदली लांबच्या रोपवाटिकेत झाली. निघताना ठाण्यात आला. मी मडकं परत द्यायला लागलो तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. पर घशातनं काडू नगा."

मी निवृत्त झालो त्याच वर्षी तात्या गेला.

पोलीस आधी विचारतो, हे कुणी केलं. नोकरीभर मीही तेच विचारलं. कुणासाठी केलं, हा प्रश्न मी त्या दिवशी विचारलाच नाही, उत्तर तात्यानं आपणहून दिलं. तो आधी विचारला असता तर एक मेंढपाळ दिवसभर बाकड्यावर बसला नसता. आणखी किती जणांना मी असं बसवलं असेल, ते आता मोजता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात वनखात्याची रीतसर परवानगी काढून मी माळावर गेलो. पट्ट्याच्या कडेला, पांढऱ्या दगडापाशी बसलो. मडकं तोंडाशी धरलं. सूर्य टेकला तेव्हा ती आली. उंच, राखी, एकटी. गवतात उभी राहिली.

मी मान आत घेतली, तोंड मिटलं, छातीतून आवाज काढला. दोनदा. चांगला निघाला. तात्यानं डोळे मिटले नसते.

मग मी थांबलो. मडकं मांडीवर ठेवलं.

आणि आवाज आला. माझ्या पाठीमागून, अगदी जवळून.

तिनं मान वर केली. ती माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून मागं बघत होती, आणि घाबरलेली अजिबात नव्हती.

नोकरीभर मी मागं वळून बघायचाच पगार घेतला. त्या संध्याकाळी वळलो नाही. ती ऐकत होती तोवर तसाच बसून राहिलो.