मीठ टाकायचा मान

२१ एप्रिल १९७६. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजवायचा होता. पहाटे पाचलाच गच्चीवर चूल पेटवली, कारण आठनंतर नागपूरच्या गच्चीवर पाय ठेववत नाही.

आमच्या गल्लीत कुरडया आळीपाळीने होत. आज आमच्याकडे, उद्या शेजारणीकडे. सगळ्याजणी हाताखाली, पण आधणात मीठ टाकायचं ते माझ्या सासूबाईंनीच. वीस वर्षांचा रिवाज होता. आता त्या बहात्तरच्या होत्या आणि विसरू लागल्या होत्या. कधी चष्मा, कधी गॅसवरचं दूध, एकदा तर नातवाचं नाव.

त्यांनी मीठ टाकलं, जरा गप्पा मारल्या आणि पुन्हा टाकलं. मी पाहिलं. पण चार बायकांसमोर सासूला टोकायचं कसं, म्हणून गप्प राहिले. कुरडया खारट झाल्या त्या माझ्यामुळे.

गरम चिकाची वाटी तोंडाला लावताच शेजारीण म्हणाली, "मावशी, पोतंच ओतलं का वं मिठाचं?"

"तुले काहून झोंबून राहिलं?" सासूबाई फणकारल्या. "तुया भाजीत तर मीठच नसते."

सगळ्या हसल्या. सासूबाई मात्र खाली जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या.

"उद्या मी नाही येत," दुपारी त्या म्हणाल्या. "मले आता काही समजत नाही."

"आराम करू दे आईले," आमचे हे म्हणाले.

हा आराम मी पाहिला होता. माहेरी, मौद्याला, भावाने आमच्या आईच्या हातातली सगळी कामं प्रेमानेच काढून घेतली. वर्षभरात ती बोलेनाशी झाली. तेवढ्यानेच झालं असं मी म्हणत नाही, पण पुन्हा तो प्रयोग नको होता.

सासूबाईंचे हात वाळले होते, पाटली सैल झाली होती. मी म्हटलं, "आई, मीठ टाकलं की ही पाटली उजव्या हातातून काढून डाव्या हातात घालायची. डावीकडे दिसली की मिठाला हात लावायचा नाही. पदार्थ उतरवला की परत उजवीकडे."

"मी काय शाळेतली पोरगी आहो?"

"शाळेतली पोरगी इतका वाद नाही घालत."

संध्याकाळी सराव केला. वरणाला जमलं. भाजीच्या वेळी पाटली बदलली आणि मीठच राहिलं. ह्यांनी पहिला घास घेऊन माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. तीच भाजी त्यांनी संपवली. कणकेला मात्र जमलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सासूबाईंना हाताला धरून शेजारणीच्या गच्चीवर नेलं, उकळत्या आधणापाशी बसवलं, मिठाचा डबा पुढे ठेवला आणि त्यांच्याकडे पाठ करून सोऱ्याला तेल लावायला बसले.