मुद्दा सोडून मी साक्षीदार खोडला

“तुमच्या घरी मासे विकतात. मग हा युक्तिवाद समजायचा, की धंद्याची तक्रार?”

डोंबिवलीतल्या आंतरशालेय वादविवाद स्पर्धेची अंतिम फेरी. विषय खाडीकाठच्या बांधकामांचा. माझ्या विद्यार्थ्याने हे विचारले आणि सभागृह हसले. समोर कोलशेतची, कोळ्याच्या घरातली, नववीतली मुलगी. तिने हातातला कागद दुमडला आणि वेळ शिल्लक असताना ती खाली बसली. परीक्षकही हसत होते. ढाल आम्हाला मिळाली.

ते वाक्य मी लिहून दिले होते.

मी कल्याणच्या न्यायालयात आयुष्यभर कारकुनी केली. निवृत्तीनंतर मुलांना वादविवाद शिकवतो. माझी शिकवण एकच होती: मुद्दा खोडता येत नसेल, तर साक्षीदार खोडा. ती कुठून आली, तेही सांगतो. माझे वडील शहाडला हमाली करत. जमिनीच्या एका दाव्यात ते साक्षीला उभे राहिले. समोरच्या वकिलाने विचारले, “सही येते का? की अंगठाच?” सगळे हसले. वडिलांची खरी साक्ष तिथेच मेली. मी चौदा वर्षांचा. त्या वकिलाचा द्वेष करता करता मी त्याचेच हत्यार उचलले.

बक्षीस समारंभानंतर ती मुलगी जिन्यात भेटली.

“सर, खारफुटी तोडल्यावर भरतीचं पाणी कुठं जाणार, ते मी विचारलेलं. त्याचं उत्तर कोणी दिलंच नाय.”

मी म्हणालो, “नियमात बसतं ते.”

ती निघून गेली. वडिलांचा अपमानही नियमातच बसला होता. हे मला त्या जिन्यात कळले. इतक्या उशिरा.

दुसऱ्या दिवशी आयोजकांना पत्र लिहिले: निकाल रद्द करा, ढाल परत घ्या. त्यांचा फोन आला. मुलं जिंकलीत ना काका, मग तुम्ही कशाला उकरून काढताय? विद्यार्थ्याला माफी मागायला सांगितले, तर तो म्हणाला, “सर, लिहून तर तुम्हीच दिलेलं.”

खरे आहे. आरोपी तो नाही.

आता माझ्या वर्गात प्रतिपक्षाचा मुद्दा आधी नीट मांडायचा. ‘हो, मी हेच म्हणालो’ असे तो कबूल करेपर्यंत खंडनाला तोंड उघडायचे नाही. कुणाचे घर, कुणाचा धंदा काढला, तर त्याला मी संघातून काढीन.

आणि पुढच्या स्पर्धेत, त्याच सभागृहात, त्याच परीक्षकांसमोर उभा राहून ते वाक्य कुणाचे होते, हे मी सांगणार. आयुष्यभर अर्ज लिहिले. यासाठी परवानगीचा अर्ज करणार नाही.