लिंबाजीच्या वावरातला शॉट

जिंतूरला बघण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं की मी आधी नेमगिरीची जैन लेणी सांगते, मग येलदरीचं धरण सांगते आणि तिथेच थांबते. त्या भागातलं माझं पहिलं जाणं मात्र या दोन्हींसाठी नव्हतं. ते कशासाठी होतं हे या ब्लॉगवर कधी लिहिलं नाही, कारण लिहायला बसलं की अजून डोकं फिरतं. आज फिरलं तरी चालेल.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी औरंगाबादला शाळेत भूगोल शिकवत होते आणि उन्हाळ्याची सुट्टी नुकतीच लागली होती. माझ्या भावाचा मित्र शिरीष पुण्याहून जीप घेऊन आला. तो माहितीपट काढत होता. माणूस झाडं तोडत सुटलाय, म्हणून पाऊस लांबतोय, पृथ्वी तापत चाललीय, असा विषय. तेव्हा हे बोलणं नवीन होतं. मला तर त्याचा हेवाच वाटला. मी जे फळ्यावर खडूने सांगते ते हा पडद्यावर दाखवणार. त्याला खेड्यातल्या बायकांशी बोलायला एक बाई हवी होती. आई म्हणाली, भर उन्हात परभणीकडे कोण मरायला जातं? शिरीष हसून म्हणाला, "बनी तो बनी, नहीं तो परभणी." मी पिशवी भरली.

जालना, मंठा, जिंतूर असा रस्ता. आज हाच रस्ता आरामात होतो, तेव्हा जीपमध्ये बसून हाडं खिळखिळी व्हायची. त्यात विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं. बंद कधी आणि कुठे लागेल याचा नेम नसे. त्या दिवशी जालन्याच्या अलीकडे एसट्या उभ्या होत्या आणि आम्हीही झाडाखाली ताटकळत बसलो. कॅमेरामन बाबूने कॅमेऱ्याची पेटी ओल्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली होती, तान्हं पोर घेतात तशी. जिंतूरला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. लॉजमधली गादी न पाहिलेली बरी, पण स्टँडजवळच्या खानावळीतली येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची झणझणीत आमटी, ज्वारीची भाकरी आणि वर बुक्कीने फोडलेला कांदा, हे जेवण मला पंचतारांकित हॉटेलात मिळालेलं नाही. तिकडे गेलात तर येसर मागून घ्या, आणि पाणी सोबत ठेवा.

दुसऱ्या दिवशी जवळच्या एका गावात गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथला लिंबाजी हा कोरडवाहू कापूस-ज्वारीचा शेतकरी. नवराबायको ऊसतोडीवरून नुकतेच परत आले होते. त्याच्या बांधावरच्या बाभळी वीटभट्टीवाल्याने विकत घेतल्या होत्या आणि त्यातली शेवटची त्या सकाळी तुटणार होती. शिरीषला हेच पाहिजे होतं. झाड आम्ही तोडायला लावत नाही, जे घडतंय ते फक्त टिपतोय, असं त्याने मला दोनदा समजावलं. मला ते पटलंही.

वावरात आणखी दोनच झाडं होती. एक म्हसोबाचा लिंब, त्याला कुणी हात लावत नसे. दुसरा आंबा. लिंबाजीची बायको रुक्मिणबाई मला त्या आंब्याखाली घेऊन बसली आणि आमची लगेच गट्टी जमली. त्यांच्या घरात रीत होती, लेक सासरी निघाली की वावरातलं एक झाड तिच्या नावाने करून द्यायचं. जमीन मुलांची, पण त्या झाडाचं फळ लेकीचं. दर वर्षी पाड लागला, म्हणजे फळ झाडावर पिकू लागलं, की टोपलं भरून तिच्या घरी जायचं, आणि तोवर घरातलं कुणी त्याला शिवायचं नाही. हा आंबा सखूचा होता. सखूला पूर्णेला दिलं होतं, नवरा रेल्वेत होता. "वरीसभर आमी कुठं बी असू," रुक्मिणबाई म्हणाली, "पन टोपलं चुकलं न्हाई कंदी." यंदा झाड नुसतं लगडलं होतं. माझी कैरीकडे गेलेली नजर पाहून ती हसली आणि दुसरीकडून आणून देते म्हणाली.

बाभळीवर कुऱ्हाडी चालू झाल्या. बाबूने कॅमेरा लावला. झाड कलायला लागलं, आणि ऐन वेळी कॅमेऱ्यातून करकर आवाज आला. फिल्म आत अडकली होती. बाबूने झाकण उघडेपर्यंत बाभूळ जमिनीवर. शिरीष मातीत बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून म्हणाला, झाड पडतानाचाच शॉट नाही तर सगळी फिल्म फुकट, आता कुठे शोधू दुसरं झाड? लिंबाजी बाजूला उभा राहून ऐकत होता. त्याचा चेहरा पडला होता. मला वाटलं, त्याला शिरीषची दया आली.

कॅमेरा दुरुस्त करायला आम्ही जिंतूरला गेलो. रुक्मिणबाई आमच्यासाठी जेवण करायला गावात घरी गेली. जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही असं तिने बजावलं होतं. एका रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या दुकानात बाबूने कॅमेरा साफ केला आणि ऊन उतरणीला लागल्यावर आम्ही परत आलो.

लांबूनच मला काहीतरी चुकलंय असं दिसलं. आंब्याला दोर बांधले होते. जवळ गेलो तर बुंधा पाऊण कापलेला, पांढऱ्या ढलप्या सगळीकडे, आणि लिंबाजी व लाकूडतोडे कुऱ्हाडी टेकवून आमची वाट बघत बसलेले. मला आधी समजेचना. मग लिंबाजी उठून शिरीषला म्हणाला, "पाव्हन्याचं काम आमच्या वावरात अडलं, गावात तोंड कुठं दाखवू? तेवढा फोटू काढून घ्या. मंग आडवं करतो."

कुणी त्याला सांगितलं नव्हतं, पैसे देऊ केले नव्हते. घरी आलेल्या माणसाचं काम हुकलं आणि आपल्या बांधावर हुकलं, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं होतं. शिरीषचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता हा रडेल, नाहीतर लिंबाजीचे पाय धरेल. तो बुंध्याकडून वळला आणि बाबूला म्हणाला, "लाव. झाड तर गेलंच आहे." लिंबाजीने मुद्दाम कापलं त्याचा मला जेवढा धक्का बसला, त्याहून मोठा या चार शब्दांचा बसला. मी शिरीषच्या दंडाला धरून ओढलं, नको म्हणाले, चारदा म्हणाले. तो म्हणाला, मग हे झाड कशासाठी गेलं? मी त्याचा दंड सोडला.

झाड पडत असतानाच रुक्मिणबाई डोक्यावर भाकरीची दुरडी घेऊन बांधावर आली. कैऱ्या गारांसारख्या चौफेर उडाल्या. तिने दुरडी खाली ठेवली. नवऱ्याला म्हणाली, "लेकीचं झाड व्हतं ते." लिंबाजीने तिच्याकडे पाहिलं तेव्हा त्याला ते पहिल्यांदा आठवलं की आधीपासून माहीत होतं, हे मला कळलं नाही. मग तिने आम्हाला जेवायला वाढलं. सगळ्यांना. पान टाकून उठण्याची हिंमत कुणातच नव्हती.

निघताना तिने कैऱ्यांचं टोपलं बांधून माझ्या हाती दिलं. मी परतीला पूर्णेहून गाडी पकडणार हे तिला सकाळी बोलता बोलता सांगितलं होतं. परभणीपर्यंत जीप आली. बाकीचे नरसिंहाच्या दर्शनाला पोखर्णीकडे वळले, मी टोपलं घेऊन एसटीत बसले. पोखर्णीचं देऊळ चुकवू नका असं सगळे सांगतात, मी मात्र चुकवलं.

पूर्णा म्हणजे जंक्शन. गावातल्या कुणालाही रेल्वेचे क्वार्टर्स विचारा. सखू वीस-बावीसची, हसरी. टोपलं उघडून म्हणाली, "इतक्या कच्च्या कामून धाडल्या? पाड तरी लागू द्यायचा." मी खाली बसून सगळं सांगितलं. ती कैरी हातात फिरवत ऐकत होती.

"फोटू कशाचा काढायले व्हते?" तिने विचारलं.

झाडं तोडू नका हे सांगण्याचा, असं मी म्हणाले. आपण काय बोललो हे कानावर पडलं तेव्हा माझा मलाच विश्वास बसेना. सखूने मला चहा दिला. कैऱ्यांचं लोणचं घालते म्हणाली. पाठ वळवून चुलीशी बसली आणि कैऱ्या चिरायला घेतल्या.

औरंगाबादला परतले तेव्हा भूगोलाचं पुस्तक उघडायची इच्छा नव्हती. पुढच्या वर्षी शिरीषचा माहितीपट पुण्याला दाखवला आणि त्याने मला आग्रहाने बोलावलं. सभागृह भरलेलं. आंबा कलला तसा लोकांनी श्वास रोखला, आणि कैऱ्या उधळल्या तेव्हा एकीने चक्क हुंदका दिला. निवेदक धीरगंभीर आवाजात माणसाच्या हव्यासाबद्दल बोलत होता. तेवढ्यात पडदाभर लिंबाजीचा चेहरा आला, घामाने निथळणारा, कुऱ्हाड खांद्यावर, सरळ आमच्याकडे बघणारा. त्याचे ओठ हलत होते, पण त्याच्या बोलण्यावर सतार वाजत होती.

शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "बघा कसा बघतोय निर्लज्जासारखा. काय बोलतोय कोण जाणे."

मी त्या वेळी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. मी बाईंना सांगितलं, "तो आम्हाला विचारत होता, साहेब, आता तरी फोटू नीट आला का?"