हाताला लागलं नाही

नागपूरच्या जरीपटक्यात माझं बॅटरीचं दुकान आहे, आणि त्याला लागून कृष्णकांत बारापात्रेचं, चाकांच्या अलायनमेंटचं. सव्वीस वर्षं भिंतीला भिंत. माणूस तिरसट. गिऱ्हाइकाशी सरळ बोलेल तर शपथ. तरी बुटीबोरीपासून कामठीपर्यंतचे ड्रायव्हर त्याच्याकडे यायचे ते त्याच्या तळहातासाठी.

गाडी थरथरते म्हणून कोणी आलं की कृष्णकांत आधी टायरवर हात फिरवायचा. आतून बाहेर, मग बाहेरून आत. एकीकडून गुळगुळीत आणि उलट फिरवला की करवतीचे दात लागले, तर समजायचं, चाकं सरळ नाहीत, गाडी टायर खाते आहे. मग तो मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरा ताणून चाकं सरळ करायचा. दात नाही लागले तर नुसतं बॅलन्सिंग: रिमला शिशाचं वजन ठोकलं, झालं काम. पलीकडच्या चौकात चाकं तपासायची कॅमेऱ्याची मशीन आली तेव्हा म्हणाला, "ज्याले हात नाही त्याले मशीन पाह्यजे." आम्ही हसलो. हसायला आमच्या बापाचं काय जात होतं!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गाडीच्या तापलेल्या ब्रेक ड्रमवर त्याचा तळहात टेकला आणि टेकलेलाच राहिला. मी ओरडलो, "कृष्णा, हात!" त्यानं खाली पाहिलं आणि सावकाश हात उचलला. कातडी सोलून निघाली होती.

"जुनी चामडी आहे गा, काही नाही होत," तो म्हणाला.

त्याला शुगर निघाली होती हे मला माहीत होतं. शुगरनं हातापायांच्या नसा मरतात हेही माहीत होतं. मला कळायचं ते कळलं. मी मलम आणून दिलं आणि तोंडाला कुलूप लावलं. कोणाच्या पोटावर पाय कशाला द्यायचा, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी त्याच्या जिभेला भीत होतो.

वैदेही त्याची एकुलती एक मुलगी. आई गेल्यापासून घर तीच बघायची, आणि रोज आपल्या जुन्या गाडीनं उमरेडला शाळेत शिकवायला जायची. सोबत त्याच शाळेत शिकवणारी चारुशीला बसायची. यंदा मार्चमध्ये वैदेही गाडी घेऊन दुकानावर आली.

"बाबा, सत्तरच्या वर गेली का स्टेअरिंग थरथरते. मी तर आता साठच्या वर नेतच नाही."

कृष्णकांतनं डोळे मिटून पुढच्या दोन्ही टायरांवर हात फिरवला, आतून बाहेर, बाहेरून आत. मी चहाचा ग्लास घेऊन उभा होतो. वैदेही त्याच्या हाताकडे बघत होती.

"काही नाही बेटा, बॅलन्सिंग गेलं," तो म्हणाला.

दोरा बाहेर निघालाच नाही. वजनं ठोकली, थरथर कमी झाली, पोरगी खुशीत गेली. आणि टायर झिजत राहिलं ते आतल्या कडेला, जी उभ्या माणसाला दिसत नाही.

एप्रिलच्या शेवटी, सकाळची शाळा सुटल्यावर परत येताना, पुढचं डावं टायर फुटलं. गाडी डावीकडे ओढत गेली आणि झाडावर आदळली. चारुशीला जागच्या जागी गेली. वैदेहीचं कंबरेचं हाड मोडलं.

लोक म्हणाले, ऊन. नागपूरच्या उन्हात टायर फुटतातच. चारुशीलाच्या नवऱ्याला ते पटलं नाही. इस्पितळाच्या वऱ्हांड्यात तो सगळ्यांसमोर म्हणाला, "गाडी पळवली असंल तिनं." आणि दुसऱ्या दिवशी वैदेहीनं पोलिसांना तसंच बयान दिलं. स्पीड जास्त होती, चूक माझी आहे. पोलिसांनी तिच्यावर गुन्हा नोंदवला. नोकरी जाणार, कदाचित तुरुंगही होणार, हे आम्हाला वकिलानं सांगितलं.

"खोटं आहे," कृष्णकांत मला म्हणाला. "थे साठच्या वर जातच नाही. चाल माझ्यासंगं."

पोलीस ठाण्याच्या आवारात गाडीचा चेंदामेंदा पडला होता. फुटलेल्या टायरच्या चिंध्या झाल्या होत्या. तो धुळीत उकिडवा बसला, उजव्या टायरपाशी. ते शाबूत होतं.

"तू हात फिरव. बाहेरून आत."

मी फिरवला. बोटांना करवत लागली. आतल्या कडेला तर रबराखालच्या तारा उघड्या पडल्या होत्या.

"लागते?"

खोटं बोलता आलं असतं. "लागते," मी म्हणालो.

त्यानं स्वतःचा हात फिरवला. पुन्हा फिरवला. जोर देऊन फिरवला, तारेनं तळहातातून रक्त आलं, तरी त्याचं तोंड कोरंच. "मले काहीच नाही लागून राहिलं गा," म्हणाला आणि ढसाढसा रडला. सव्वीस वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मला दोन वर्षांपासून ठाऊक होतं, हे तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही. माझ्यासारखा भित्रा माणूस मीच.

तिथून आम्ही तडक इस्पितळात गेलो. कृष्णकांत खाटेजवळ उभाच राहिला.

"बेटा, बयान बदल. टायर आतून खाल्लं होतं. माझ्या हाताले दोन सालापासून काही लागत नाही. मी कोणाले सांगितलं नाही. चारुशीला माझ्यापायी गेली."

वैदेही छताकडे बघत होती. "मालूम होतं मले, बाबा."

"काय मालूम होतं?"

"गॅसवरचा दुधाचा गरम गंज तुमी फडक्याबिगर उतरवता. कवाचंच मालूम होतं."

"मंग गाडी माझ्याकडे काहून आणली वं?"

"दुसऱ्याकडे नेली असती, त तुमी पुन्हा दुकान उघडलं असतं का?" तिच्या डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं, आणि ती ते पुसतही नव्हती. "मी माझ्या जिवावर घेतलं होतं, बाबा. बाजूले चारुशीला बसते, हे माझ्या ध्यानातच नाही आलं."